चढती रेघ

महाळुंग्याच्या त्या जपानी कंपनीत शिफ्ट सुरू होण्याआधी रोज एका कामगाराने पुढे येऊन पाच मिनिटं बोलायचं, असा नियम होता. लोक हेल्मेटवर, फार तर भरपूर पाणी पिण्यावर बोलून मोकळे होत. पण शुक्रवारी जपानहून मोठे साहेब येणार होते, म्हणून सुपरवायझर उद्धवरावांनी प्रितमला बाजूला घेतलं.

"राव, असं बोल की साहेबाच्या लक्षात राहशील. परमनंटची नावं त्याच दिवशी ठरणारेत."

प्रितम तीन वर्षं टेम्पररी होता. त्याचे वडील कोंडीराम पिंपरीतल्या एका कारखान्यातून परमनंट म्हणून रिटायर झालेले, आणि पोरगाही परमनंट होणार हे त्यांनी संत तुकाराम नगरात आधीच सांगून ठेवलेलं. अशा बापाच्या पोराला माघार घेता येत नाही.

प्रितमने विषय निवडला, भारत आणि जपानचं कामगारबळ. पुठ्ठ्यावर तीस वर्षांच्या दोन रेघा काढल्या. जपानची जवळपास सपाट, आपली जिना चढल्यासारखी. कोंडीराम चष्मा लावून बघत बसले.

"ह्यात मी कुठाय?"

"आधी होता. आता नाही. रिटायर होऊन घरी बसलेला माणूस धरत नाहीत."

"अख्खी हयात मशीनवर गेली, अन् धरत न्हाईत?" कोंडीरामांना ते फार लागलं.

शुक्रवारी प्रितम झकास बोलला. जपानमध्ये माणसं वाढत नाहीत, आमच्याकडे एक मागा, दहा हजर होतात, हे त्याने छाती फुगवून सांगितलं. साहेबांनी दुभाष्याकडून ते दोनदा समजून घेतलं, टाळ्या वाजवल्या, पुठ्ठ्यासोबत फोटोही काढला. त्यांना मुद्दा पटला होता, आणि पुरता पटला होता. दुपारी उद्धवराव खाली मान घालून आले. यंदा परमनंट कुणालाच करायचं नाही, असं वर ठरलं होतं. माणसं काय, हवी तेवढी मिळतात. टेम्पररीवाल्यांना उद्यापासून ब्रेक, म्हणजे काम बंद.

"पुठ्ठा मात्र राहू दे भावा," ते म्हणाले. "साहेबांनी गेटपाशी लावायला सांगितलाय."

घरी हे सांगताना प्रितमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोंडीरामांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी आता तूबी त्या रेघेत न्हाईस."

"मी आहे. काम शोधणाऱ्यालाही धरतात."

"मग तुला ठेवलं काय नि काढलं काय, रेघ तीच?"

"तीच."

कोंडीरामांनी माळ्याकडे नजर टाकली. मग म्हणाले, "अन् रिटायर माणूस काम शोधाया लागला तर?"

"मग त्यालाही धरतात. पण तुम्हाला काय गरज आहे, बाबा?"

"एकट्यानं गेटागेटावर हिंडू नगंस."

प्रितमला रडू आलं, ते त्याने लपवलंही नाही. कोंडीरामांनी माळ्यावरून जुने सेफ्टी शूज काढले, फडक्याने पुसले आणि पायात घालून खोलीभर चालून पाहिलं.

सोमवारी सकाळी बापलेक डबे घेऊन काम शोधायला बाहेर पडले. जपानची रेघ होती तिथेच राहिली. आपली एकाने वर गेली.