गच्चीवरची लाल चादर

मनोऱ्यावर जायचं खूळ माझंच. लेक म्हणाली, "आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं, "या घरात एकाचं तरी ठिकाणावर असायला नको का?" तिला हसू आलं नाही. हल्ली माझ्या बोलण्याला घरात कोणी हसत नाही. पूर्वी हे हसायचे.

हे म्हणजे माझा नवरा. मनोऱ्याची ही शहरातली सगळ्यात उंच इमारत बांधली जात होती तेव्हा तिच्या डोक्यावरची क्रेन हे चालवायचे. ढगांच्या शेजारी बसून लोखंड उचलणारा माणूस. आता त्या माणसाला आपण चहा घेतला की नाही ते आठवत नाही. चष्मा साखरेच्या डब्यात ठेवतो आणि साखर शोधत बसतो. ते सगळं मी सोसलं, वर चार टोमणे मारून सोसलं. पण मी कोण, हेसुद्धा त्यांना आठवेनासं झालं, आणि ते मात्र मला झेपेना.

गेल्या महिन्यात सकाळी मी ओट्यापाशी कणीक मळत होते. हे आत आले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही कोण? माझ्या घरात काय करताय?" मी म्हटलं, "चोरी करतेय, दिसत नाही का?" सवयच माझी. पूर्वी यावर खो खो हसणारा माणूस त्या दिवशी घाबरला. त्यांनी मला ढकललं. मी ओट्याच्या कडेवर आपटले आणि मनगट मोडलं. उभ्या आयुष्यात ज्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, त्यांनी. आमच्या घरात आवाज चढवायचं खातं माझ्याकडे होतं.

मग लेकीने ठरवलं. ती दातांच्या दवाखान्यात काम करते, दिवसभर लोकांचे आ वासलेले जबडे बघून घरी येते आणि मग आमचं बघते. अशा माणसांना सांभाळणारी एक जागा तिने शोधली. स्वच्छ खोली, बाग, रात्रंदिवस माणसं. मनोऱ्यावर गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी यांना तिथे न्यायचं ठरलं होतं. मी आकाशपाताळ एक केलं. लेक ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मनगटावर भागणार नाही." पोरगी खोटं बोलत नव्हती, म्हणून तर जास्त राग आला.

"एक संधी दे," मी म्हटलं. "त्यांना मनोऱ्यावर नेऊ. तिथे त्यांनी मला ओळखलं तर ते घरीच राहतील."

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर तू म्हणशील तसं."

तिने माझ्या प्लास्टरकडे बघितलं आणि शब्द दिला.

मनोराच का, ते सांगायला हवं. हे क्रेनवर असताना त्या केबिनमध्ये फोन नव्हता. एकदा शिडीने वर चढलं की संध्याकाळपर्यंत माणूस वरच. पण तिथून आमच्या घराची गच्ची दिसायची. हे एक छोटी दुर्बीण जवळ ठेवायचे. म्हणून आम्ही आपसात एक रीत पाडली होती. रोज मी गच्चीवर पांढरी चादर वाळत घालायची, म्हणजे घरी सगळं ठीक. लाल चादर घातली, म्हणजे असाल तसे निघून या. लाल दिसली की हे केबिनमधल्या दिव्याची दोनदा उघडझाप करायचे, म्हणजे निघालो. आणि तो दिवा दिसला की मी चादर काढायची, म्हणजे बघितलं. एवढंच. जगातल्या कुठल्याही फोनवर आम्ही इतकं नीट बोललो नाही.

लाल चादर फार वेळा लागली नाही. सासरे गेले तेव्हा लावली. लेकीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा लावली, आणि चादर काढायला मलाच वर जाता येईना, तर खालची शिंपीणबाई धावत गेली. आणि एकदा काही कारण नसताना लावली. नवीन लग्न होतं, दुपार जाता जात नव्हती. हे शिडी उतरून, गल्ल्या तुडवत, घामाघूम होऊन दारात आले. "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, सहज." दोन घटका माझ्याशी बोलले नाहीत, आणि मग इतके हसले की शेजारच्यांनी भिंत वाजवली. त्या दिवशी मला "मिरची" हे नाव पडलं. ते नाव फक्त यांच्या तोंडी होतं. गेल्या वर्षभरात ते मी ऐकलं नव्हतं.

तर माझा बेत असा होता. शिंपीणबाई अजून खालीच राहते, म्हातारी झाली आहे पण जिना चढते. तिला सांगून ठेवलं, दुपार कलली की लाल चादर टाका. हे वरून बघतील, चादर ओळखतील, चादरीवरून मिरची आठवेल, आणि मिरची तर शेजारीच उभी असेल. मला हा बेत अगदी चोख वाटला होता.

खाली पर्यटकांची ही रांग. टोप्या, पाठपिशव्या, रडणारी पोरं. हे शहाण्यासारखे उभे होते. इस्त्रीचा निळा सदरा मी घातला होता त्यांना. बटणं लावताना मला म्हणाले, "ताई, तुम्हाला उगाच त्रास." ताई! इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला बढती मिळाली ती ही. लिफ्टपाशी एक फोटोवाला होता. "आजी, जरा आजोबांना चिकटून उभ्या राहा!" मी सरकले. हे तितकेच पलीकडे सरकले, परक्या बाईला धक्का लागू नये म्हणून. फोटोवाला म्हणाला, "भांडण झालंय वाटतं." मी म्हटलं, "तू आपलं बटण दाब."

वर पोचलो. सगळीकडे काच, जमिनीवर जाजम, कोपऱ्यात खाऊचं दुकान. जिथे एके काळी माझा नवरा वाऱ्यात एकटा बसायचा, तिथे लोक आइस्क्रीम खात होते. मला उगीचच चीड आली. पण यांच्याकडे बघितलं आणि चीड विसरले. हे बदलले होते. पाठ सरळ झाली, पाय फाकवून उभे राहिले, काचेला तळवा लावला.

"काचा बसवल्या वाटतं," म्हणाले. "बरं केलं. इथे वारा फार."

लेकीने माझा चांगला हात घट्ट धरला. कितीतरी दिवसांत हे इतकं नीट वाक्य बोलले नव्हते. मग ते चालू लागले. कोणाला काही न विचारता, गर्दीतून वाट काढत, काचेच्या कडेकडेने थेट त्या बाजूला गेले जिकडे आमचं घर आहे. स्वतःच्या घरात न्हाणीघर न सापडणारा माणूस. मी प्लास्टर सांभाळत त्यांच्या मागे धावले.

तिथे नाणं टाकून बघायची मोठी दुर्बीण होती. लेकीने नाणं टाकलं. यांनी डोळा लावला, तोंडाने पुटपुटत दुर्बीण हलवू लागले. "पाण्याची टाकी. तिच्या डाव्या हाताला शाळा. शाळेच्या मागे..." आणि थांबले.

मी त्यांच्या अगदी बाजूला उभी होते. केस विंचरलेले, त्यांना आवडायची ती हिरवी साडी, प्लास्टर पदराखाली लपवलेलं.

"लाल!" ते ओरडले. आजूबाजूचे चारजण वळले. "मिरचीने लाल टाकली!"

माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. लेक तर तोंडावर हात ठेवून रडायलाच लागली. "आई, नाव घेतलं! बाबांनी नाव घेतलं तुझं!"

हे दुर्बिणीपासून वळले. चेहरा पांढराफटक. मी हसले, आणि म्हटलं, "अहो, मी इथे आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रस्त्यात आडव्या आलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"ताई, जरा बाजूला व्हा. मला घरी जायला हवं. बायकोने बोलावलंय."

"अहो, मीच..."

"दिवस भरलेत तिचे. एकटी आहे हो ती घरी. मुलगीच होणार म्हणते." ते काचेच्या कडेला वाकून शोधू लागले. "शिडी कुठे गेली?"

त्यांची मुलगी तिथेच, माझ्या पलीकडे, रुमालाने नाक पुसत उभी होती.

तेव्हा मला माझी चूक कळली. अक्कल गहाण ठेवली होती मी. चादर गच्चीवर आहे, म्हणजे बायको घरी आहे. यांच्या हिशेबात ते अगदी बरोबर होतं. मग ही शेजारी उभी असलेली म्हातारी बायको कशी असेल? त्यांना मिरची आठवली होती, पुरती आठवली होती, आणि ती तिकडे खाली होती. केस काळेभोर, पोट पुढे आलेलं, कळा सोसत गच्चीवरून इकडे बघत बसलेली. मीच तिला तिथे बसवून आले होते. आता तिच्याशी मी कशी भांडू?

"दिव्याचं बटण कुठे गेलं?" हे काचेच्या चौकटीवरून डावा हात फिरवत होते, वर, खाली, पुन्हा वर. "आधी दिवा दाखवायला हवा. नाहीतर तिला कळणार नाही मी निघालो ते. इथेच होतं बटण. कोणी काढलं?" आवाज चिरकायला लागला. पहारेकरी आमच्याकडे यायला निघाला.

"तुझ्या फोनचा दिवा लाव," मी लेकीला म्हटलं. "दे त्यांना."

तिने फोन त्यांच्या हातात दिला. कुठे दाबायचं ते त्यांना जमेना, तेव्हा तिने त्यांचं बोट धरून दाबलं. लागला, विझला. लागला, विझला. भर उजेडात काचेला टेकवलेला तो एवढासा दिवा खालच्या रस्त्यावरूनही दिसला नसता. पण यांनी लगेच दुर्बिणीला डोळा लावला आणि वाट बघू लागले.

मी दोन पावलं मागे सरकले आणि माझ्या फोनवरून शिंपीणबाईला फोन लावला. एका हाताने फोन लावणं अजून नीट जमत नाही मला.

"चादर काढा," मी म्हटलं.

"अगं, आत्ताच तर टाकली. ओळखलं का त्यांनी?"

"काढा हो. लगेच काढा."

तिचा श्वास ऐकू येत होता, आणि दोरीचा करकर आवाज. गच्चीवर वारा असावा.

"काढली!" हे म्हणाले. "बघितलं तिने." त्यांचे खांदे खाली आले. नाण्याची वेळ संपून दुर्बिणीचं झाकण आतून पडलं, तरी ते थोडा वेळ तसेच डोळा लावून उभे राहिले.

लेक माझ्याजवळ आली. डोळे लाल. "आई, मी शब्द दिलाय. नाव तर घेतलंच त्यांनी. राहू दे त्यांना घरी. मी बघीन कसंतरी."

तिने तो शब्द पाळला असता, हे मला माहीत आहे. मनात आलं, हो म्हणावं. मी काही कोणी थोर बाई नाही. पण घरी गेल्यावर हे मिरचीला शोधणार होते. या खोलीत, त्या खोलीत, गच्चीवर. आणि प्रत्येक दारात मी भेटणार होते.

"नाव घेतलं," मी म्हटलं. "मला नाही ओळखलं. उद्या सकाळी निघू आपण."

"आई..."

"निघू म्हटलं ना."

लिफ्टपाशी पुन्हा रांग होती. यांना आता घाई होती, पण घाबरलेले नव्हते. दिवा दाखवून झाला होता, चादर निघाली होती. मला म्हणाले, "तापट आहे हो माझी बायको. तोंड असं चालतं की विचारू नका. पण मला उशीर झाला तर जेवत नाही." मी म्हटलं, "वेडीच दिसते." ते हसले. वर्षभराने हसले, माझ्याच बोलण्याला.

तेवढ्यात गर्दीचा रेटा आला, माझा पदर सरकला आणि प्लास्टर त्यांना दिसलं.

"अहो, हाताला काय झालं?"

"पडले."

"सांभाळायला हवं." त्यांनी माझ्या आणि गर्दीच्या मध्ये आपला खांदा घातला. "घरी कोणी आहे ना तुमचं बघायला?"

"आहेत ना," मी म्हटलं. "आमचे हे आहेत."

"मग काळजी नाही," ते म्हणाले, आणि लिफ्ट येईपर्यंत माझा तो हात त्यांनी खालून अलगद धरून ठेवला.