पिवळी फळी

अशी कल्पना करा, की तुम्ही मधमाशी आहात. लिंडनच्या फुलांतला रस पोटात भरून घरी निघाला आहात. समोर लाकडाची लांबट खोली आहे आणि तिच्यात खणांसारख्या एकावर एक रचलेल्या वीसेक पेट्या. प्रत्येक पेटीत वेगळं कुटुंब राहतं. मग आपली पेटी कोणती, हे तुम्ही कसं ओळखाल?

आमच्या लिपोवी दोल गावात ते सोपं होतं. प्रत्येक पेटीच्या दारावर रंगीत चित्राची फळी असायची. शाळेतल्या मुलांनी त्या रंगवलेल्या. दहा वर्षांच्या ब्रिनाच्या पिवळ्या फळीवर ट्रॅक्टर चालवणारं डुक्कर होतं आणि त्यामागून पोतं पाठीवर घेऊन पायी चालणारा शेतकरी. त्या शेतकऱ्याच्या मिशा शेजारच्या लोइझेकाकांसारख्या होत्या. योगायोग आहे, असं ब्रिना सांगायची. काकांना ते पटत नव्हतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावरही मधमाश्यांचा वर्ग मीच घेत असे. त्या जूनमध्ये ब्रिनाच्या पेटीतली म्हातारी राणी मेली आणि नवी जन्मली. नवी राणी एखाद्या उबदार दुपारी बाहेर उडते, नरांना भेटते आणि परत येते. त्यानंतर ती अंडी घालत राहते आणि पेटी नांदती राहते. पण येताना ती चुकून दुसऱ्यांच्या दारात शिरली, तर तिथल्या माश्या तिला मारून टाकतात. ब्रिनाच्या पेटीत दुसरी राणी घडवायला कोवळं अंडंही उरलं नव्हतं. ही गेली तर सगळी पेटी गेली.

त्याच आठवड्यात राजधानी ल्युब्लियानाहून यास्ना येणार होती. देशभरातल्या खेड्यांना एकमेकांशी जोडणारं जे जाळं आहे, त्यात ती काम करते. एका गावाला जमलेलं दुसऱ्या गावाला सांगायचं, हे तिचं काम. तिला आमचं काम आवडलं, तर उन्हाळ्यात ठिकठिकाणची मुलं माश्यांबद्दल शिकायला आमच्याकडे येणार होती.

ती यायच्या दिवशी सकाळी मी आणि ब्रिना मधाच्या बरण्या आणायला शहरात गेलो. परतलो तर सगळ्या फळ्या गायब. पेट्यांची दारं एकजात पांढरी. ग्रामसमितीच्या प्रमुख फानीमावशी हातात ब्रश घेऊन उभ्या होत्या आणि त्यांची हनुवटीही पांढरी झाली होती.

"कसं दिसतंय?" त्या म्हणाल्या. "आधी नुसती जत्रा भरल्यासारखं वाटायचं."

दारांसमोर माश्यांचा ढग घोंघावत होता. काही चुकीच्या दारात शिरत होत्या आणि आतल्या त्यांना ढकलून बाहेर काढत होत्या.

"मावशी, त्यांना घर सापडत नाहीये," ब्रिना म्हणाली.

"हुशार जात आहे गं. सापडेल."

"फानी," मी म्हटलं, "गावातली सगळी घरं उद्या एकसारखी झाली, तर तुझा नवरा जेवायला कुठे जाईल?"

"जिथे अक्रोडाची गोड पोतित्सा भाजल्याचा वास येईल तिथे. आत्ताही तसाच जातो."

ब्रिना हसली नाही. ती आभाळाकडे बघत होती. "आज ऊन छान आहे. माझी राणी आज उडणार."

"अगं, पण यास्ना आजच येतेय. उद्या लावू ना परत फळ्या. एका दुपारचा तर प्रश्न आहे."

"राणीचाही एका दुपारचाच आहे, मावशी."

फानीमावशींनी एकदा आपल्या पांढऱ्याशुभ्र रांगेकडे पाहिलं, एकदा ब्रिनाकडे. मग ब्रश डब्यात टाकला. "फळ्या गोठ्यामागे ठेवल्यात. चला, हात लावा."

कोणती फळी कुठली, हे ब्रिनाला पाठ होतं. ती सांगत गेली, आम्ही लावत गेलो. शेवटी फक्त तिचीच पेटी उरली. तिची फळी कुठेच सापडेना. मदतीला आलेले लोइझेकाका स्वतःच्या बुटांकडे निरखून बघत होते.

"काका."

"काय?"

"माझी फळी."

"ती जरा भिजली होती. म्हणून घरी नेली वाळवायला."

"कुठे वाळत घातलीय?"

"पलंगाखाली," काका हळूच म्हणाले, आणि कधी नव्हे ते पळत सुटले.

फळी आणून ते शिडीवर चढून स्वतःच्याच मिशा पेटीला लावत होते, तेवढ्यात यास्नाची गाडी आली. रंगीत फळ्यांमधलं एकच पांढरं दार, पांढऱ्या हनुवटीच्या मावशी आणि शिडीवरचे काका, असं सगळं तिनं पाहिलं. ब्रिनानं तिला जे झालं ते सरळ सांगितलं आणि म्हणाली, "आता बाकावर बसा. जास्त बोलू नका."

थोड्याच वेळात लांब पोटाची राणी दारात आली. फळीकडे तोंड करून तिनं घिरट्या घातल्या आणि झाडांवरून दिसेनाशी झाली. आम्ही बसून राहिलो. मावशींनी पोतित्सा कापली. ब्रिनानं आपला तुकडा हातातच धरून ठेवला होता. नजर पिवळ्या फळीवर.

मग तीच दिसली. शेपटीला पांढरा धागा अडकलेला, म्हणजे नरांना भेटून आलेली. ती शेजारच्या निळ्या फळीसमोर क्षणभर थांबली, वळली आणि डुकराच्या ट्रॅक्टरखालून आपल्या दारात शिरली.

"आली," ब्रिना म्हणाली, आणि तिनं पोतित्साचा मोठा घास घेतला.

"मुलांना इथेच पाठवते," यास्ना म्हणाली. मग तिचा चेहरा एकदम बदलला. "अरे देवा. डोंगरापलीकडच्या यावोर्ये गावात मी सोमवारी जाणार आहे. मी येणार म्हणून शाळेच्या सगळ्या पेट्या हिरव्या करतोय, असं तिथल्या बाई काल कौतुकानं सांगत होत्या."

"मग कळवा की," मावशी म्हणाल्या. "जाळं कशाला ठेवलंय?"

"ज्याला माहीत आहे, त्यानं सांगावं म्हणूनच ठेवलंय." यास्नानं नंबर लावला आणि फोन ब्रिनापुढे धरला.

"डुकराचं काही सांगू नकोस," लोइझेकाका पुटपुटले.

ब्रिनानं बोटं फ्रॉकला पुसली आणि फोन कानाला लावला. "नमस्कार, मी लिपोवी दोलची ब्रिना. आधी ब्रश खाली ठेवा. आणि मला सांगा, तुमच्या पेट्यांवर आत्ता कोणकोणते रंग आहेत?"