बिनकाट्याचा मासा

“नक्की मेलाय ना, धनाजी?”

“आवं मॅडम, रत्नागिरीवरनं बर्फात आलाय. आता कुठनं जित्ता ऱ्हातोय!”

“आणि शेपटीला काटा?”

“न्हाई,” प्रयोगशाळेचा शिपाई म्हणाला.

सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या चंदनबालाबाई पाणी गाळून पिणाऱ्या जैन घरातल्या. मुंगीला वळसा घालून जाणारी बाई मासे चिरते, म्हणून स्टाफरूममध्ये चेष्टा चाले. बाईंनी स्वतःपुरता नियम घालून घेतला होता: मेलेलाच मासा घ्यायचा, आणि पाकट कधीच चिरायचा नाही. पाकट आणि स्केट दोघंही चपटे, हाडांऐवजी कूर्चेचे, चुलत भाऊच म्हणा ना. पण पाकटाची शेपूट चाबकासारखी लांब, तिला विषारी काटा असतो आणि मादी पिल्लांना जन्म देते. स्केटची शेपूट जाड, आखूड, तिला तसा काटा नाही, आणि तो अंडी घालून मोकळा होतो. त्याच्या पोटात जिवंत पिल्लू सापडायची भीती नाही. एवढ्या फरकावर बाईंची सगळी नोकरी निभावली होती.

आजच्या माशाची शेपूट आखूडच होती. फळ्यावर दोन्ही माशांची चित्रं काढून बाईंनी वर्गासमोर त्याच्या पोटावर सुरी चालवली.

आतून पिल्लं घरंगळली. चार-पाच, तळहाताएवढी. त्यातलं एक हललं.

मुली किंचाळल्या. बाई सुरी टाकून खाली वाकल्या. प्रत्येक पिल्लाला चाबकासारखी लांब शेपूट होती.

“धनाजी, हिची शेपूट?”

“ती व्हय? कोळी तोडूनच टाकत्यात. काटा लय इखारी, कुनाला लागाय नगं म्हून. तुमी काटा हाय का इचारलं, मी न्हाई म्हनलो.” बाईंचा चेहरा बघून तोही घाबरला. “काय चुकलं व्हय, मॅडम?”

“मीठ आण. पळ!”

कँटीनमधलं मीठ बादलीत ओतलं. समुद्राच्या पाण्याचा खारेपणा पोरांकडून घोकून घेणाऱ्या बाईंना आता मिठाचा अंदाज येईना. त्या नुसत्या ढवळत राहिल्या. हलणाऱ्या पिल्लानं एकदा पंख उचलला, मग ते तळाशी बसलं ते बसलंच.

मुलं गेली. खिडकीतलं ऊन उतरलं. बाई दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, हे धनाजीला ठाऊक होतं.

“मॅडम, दिस बुडाय आला. डबा खाऊन घ्या.”

“आज नको.”

त्यांनी पिल्लं एकेक करून उचलली आणि आईच्या पोटाशी ठेवली. गुंडाळलेल्या शेपट्या बोटानं सरळ केल्या. आईच्या तुटक्या शेपटीला मात्र त्यांना हात लावता आला नाही.