निळ्या तारेची जोडीदार

मित्रांनो, मी एक जुनी केबल आहे. नॉर्वेतल्या एका फ्योर्डकाठच्या, म्हणजे डोंगरांतल्या अरुंद खाडीकाठच्या, लाकडी चर्चमध्ये भिंतीच्या कडेने धावते. माझ्या पोटात आठ तारा, दोन-दोन एकमेकींभोवती पिळलेल्या. निळीची जोडीदार निळ्या पट्ट्याची पांढरी. मायक्रोफोनला वीज पोचवायची आणि त्याचा आवाज आणायचा, दोन्ही कामं याच जोडीची. पण हा पीळ कशाला, असं कारखान्यात मलाही वाटायचं.

इथे आल्यावर उमगलं. बाकांखालच्या विजेच्या शेगड्या सतत गुणगुणतात. पीळ असला की ती गुणगुण दोन्ही तारांना सारखीच चिकटते, आणि पलीकडचं यंत्र दोघींतला फरक तेवढा उचलतं. जे सारखं, ते आपोआप वजा होतं.

हा आवाज तोर्बियॉर्ग आजींच्या कानातल्या यंत्रात पोचतो. वर्षानुवर्षं त्या प्रवचन ऐकायच्या आणि बाहेर पडताना त्यातल्या चुका काढायच्या. माझं याहून मोठं कौतुक कुणी केलं नाही.

यंदा हिवाळ्यात चर्चचा सेवक आस्लाक याने माझी दोन्ही टोकं नव्याने जोडली. माणूस टापटिपीचा, पण नजर अधू. पट्ट्यांच्या पांढऱ्या तारा त्याला सगळ्या एकसारख्या दिसल्या, म्हणून त्याने निळी आणि हिरवी निवडली. आवाज पलीकडे पोचला, तो खूश. पण त्या दोघी वेगवेगळ्या जोड्यांतल्या. शेगड्या पेटल्या की आजींच्या कानात नुसती भुणभुण.

सगळ्यांनी दोष आजींच्या कानांना दिला. मला फार वाईट वाटलं. रविवारी त्यांच्या पणतीचा बाप्तिस्मा होता. तोवर नाव कुणालाच सांगायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. आजींना ते पाद्रीबाईंच्या तोंडूनच ऐकायचं होतं, आणि एवढ्या थंडीत तान्हं बाळ असताना शेगड्या बंद करणं शक्य नव्हतं.

शनिवारी वीजकाम करणारी ग्रू आली. तिने मायक्रोफोन तपासला, शेगड्या तपासल्या. मग माझं टोक उघडून हसली.

"अरे आस्लाक, दुसरीच्या नवऱ्याशी हिची गाठ मारलीस की."

"रंग तर किती ठळक होते," तो पुटपुटला.

तिने दोन्ही टोकांना निळीला तिची पांढरी जोडीदार परत दिली, पीळ अगदी टोकापर्यंत ठेवला. म्हणून सांगते मित्रांनो, आमच्या जोड्या मोडू नका. आणि कुणाला ऐकू येत नसेल, तर त्याच्या कानांना बोल लावण्याआधी तार एकदा उघडून बघा.

रविवारी शेगड्या पेटलेल्याच होत्या. पाद्रीबाईंनी बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं आणि नाव उच्चारलं: गुनवोर. हे तर दुसऱ्या बाजूच्या पणजीचं नाव.

"गुनवोर? त्या खाष्ट बाईचं?" आजींचा आवाज चर्चभर घुमला. मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, "असू दे. स्वच्छ ऐकू आलं मला."