चार वाटे

पूर ओसरल्यावर आमच्या संस्थेनं शाळेच्या दोन वर्गांत मुलांसाठी मोफत दवाखाना उघडला. मी तिथली सिस्टर. वीस वर्षं हेच काम करतेय, त्यामुळे डॉक्टरसुद्धा मला जरा बिचकूनच असतात. काम साधं आहे. मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळायची. हिरवा रंग आला तर ठीक, पिवळा आला तर लक्ष ठेवायचं, लाल आला तर जिवाला धोका. बारकीचा दंड लालात होता. दोन वर्षांची पोर, वजन साडेसहा किलो, रडायचंही त्राण नाही.

तिच्या आईला मी आठवड्याची पाकिटं दिली. आत शेंगदाण्याची गोड, घट्ट पेस्ट असते. अशा मुलांचं औषधच ते. दिवसाला तीन, फक्त बारकीला, असं दोनदा बजावलं. आठ दिवसांनी बघते तर वजनाचा काटा जागचा हललेला नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर बघू, नाहीतर शहरात हलवू. पूल वाहून गेलेला. आधी होडी, मग दिवसभर ट्रक; एवढा प्रवास ही पोर सोसणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

माझी खात्रीच होती, पाणी कुठंतरी मुरतंय. बाई पाकिटं विकत असणार. तिला रंगेहाथ पकडायचं ठरवून मी दुपारी मैदानापलीकडच्या तिच्या तंबूत न सांगता शिरले.

आई खाली बसली होती, समोर चार मुलं ओळीनं. तिनं पाकिटाचा कोपरा कापला आणि चमच्यानं चौघांना सारखा वाटा दिला. थोरल्याकडे कणभर जास्त गेलं, ते बोटानं निपटून बारकीला चाटवलं. रिकामं पाकीट पाण्यानं विसळून ते पाणीही चौघांना घोटघोट पाजलं. स्वतः बोटसुद्धा चाटलं नाही. मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

पण माझ्या जिभेला हाड नाही. एकीचं औषध चौघांत वाटून तू तिला मारते आहेस, असं मी तिला तोंडावर सांगितलं.

ती शांतपणे म्हणाली, "सिस्टर, आमच्यात कुणी एकट्यानं कधी खाल्लं नाही. तीन तोंडं माझ्याकडे बघत असताना चौथ्यात कसं घालू? तुम्हाला जमेल?"

मला जमलं असतं. मी त्यांची आई नव्हते.

"मग मीच घालते," मी म्हटलं. "तू फक्त तिला दिवसातून तीनदा दवाखान्यात घेऊन ये."

तिथून तडक मदत छावणीच्या स्वयंपाकघरात गेले. बारकीच्या तिन्ही वेळांना तिच्या भावंडांची पानं इथं मांडायची, असं आचाऱ्याला सांगितलं. त्यानं दोन जेवणांचा नियम दाखवला, मी आवाज चढवला. तुमच्यापेक्षा पूर परवडला, असं पुटपुटत त्यानं तीन ताटं काढली.

पहिले दोन दिवस बारकीच्या तोंडात घातलेलं निम्मं बाहेर यायचं. मी पुसायची आणि पुन्हा घालायची. तिसऱ्या दिवशी ती गिळू लागली. चौथ्या दिवशी काटा हलला, आणि डॉक्टरांनी शहराचा विषय सोडून दिला.

सहाव्या दिवशी बारकीनं पाकीट माझ्या हातातून हिसकावलं. जेवून आलेला भाऊ शेजारी टेकला, तर त्याच्या हातावर चापट मारली, पाकीट छातीशी धरलं आणि असं भोकाड पसरलं की शेजारच्या वर्गातले डॉक्टर धावत आले.

आई शरमली. "अशी नव्हती हो ही," म्हणत तिनं पाकिटाकडे हात नेला, भावाचा वाटा काढायला.

मी तो हात धरला. माझे डोळे भरून आले होते. लपवायची गरज वाटली नाही.

"राहू दे गं," मी म्हटलं. "तिला हावरट होऊ दे."

आईनं हात मांडीवर ठेवला. आणि बारकी सगळ्यांच्या देखत, एकटी, पाकीट संपेपर्यंत चोखत बसली.