मूठबाईची लाल चिंधी

शिफ्ट सुटली की लॉन्ड्रीतल्या बायका घरची वाट धरायच्या आधी फाटकाबाहेर मूठबाईपुढे रांग लावत. ती कुठून आली हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पत्र्याच्या पेटीवर बसायची, पिवळी चिंधी पाण्यात बुडवून दिवस गेलेल्या बाईच्या मुठीत द्यायची आणि डोळे मिटून काहीबाही पुटपुटायची. मूठ उघडली की चिंधी लालभडक. लाल म्हणजे पोटातला गर्भ आईचा जीव घेणार, तो पाडायलाच हवा. पाडायची पुडी अर्थातच त्याच पेटीत. एकदा सुपरवायझरच्या बायकोची चिंधी पिवळीच राहिली आणि सगळ्यांचा विश्वास जास्तच घट्ट झाला. दैवसुद्धा माणूस बघून कौल देतं, हे गरिबाला पटवून द्यावं लागत नाही.

त्या दिवशी रांगेत डागवाली होती. हॉटेलांच्या टेबलक्लॉथवरचे डाग काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. घरी दोन मुली, धाकटी अजून अंगावर पिणारी, आणि तिला पुन्हा दिवस गेले होते. पोट दिसू लागलं की मालक बाईला ‘बाळंत होऊन ये’ म्हणून घरी पाठवी आणि परत घेत नसे. नवरा ‘तुझं तू बघ’ म्हणून मोकळा झाला होता. वर्षापूर्वी काही वापरायचा विषय काढला तेव्हा त्यानं कानांवर हात ठेवले, आणि तांबी बसवते म्हटल्यावर सासूनं डोळे वटारले. शेवटी तिनं मूठबाईकडूनच एक दोरा घेऊन कमरेला बांधला. दोरा असेपर्यंत दिवस राहत नाहीत म्हणे.

“दोरा होता, तरी राहिले,” ती दबक्या आवाजात म्हणाली.

“दिवसभर पाण्यात असतेस. दोरा भिजला, शक्ती वाहून गेली.” मूठबाईचं उत्तर जिभेवर तयारच असे. मग तिनं चिंधी दिली. ती लाल झाली. “काढलं नाहीस तर बाळंतपणात जाशील. पोरी उघड्यावर पडतील.”

डागवालीच्या तोंडचं पाणी पळालं. पुडी घेऊन ती घरी गेली, पण घ्यायचा धीर होईना. रात्रभर मुलींना कुशीत घेऊन जागी राहिली.

दुसऱ्या दिवशी कळलं, तिची मैत्रीण इस्त्रीवाली दवाखान्यात आहे. तिनं पुडी घेतली होती आणि रक्त थांबत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत डागवाली धावत गेली. मैत्रिणीचे ओठ पांढरेफटक पडले होते. ती एवढंच म्हणाली, “तू घेऊ नकोस.”

घेतली तर असं मरण, नाही घेतली तर तसं. डागवाली व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. वॉर्डातली नर्स शेजारी येऊन बसली, तेव्हा डागवालीनं कुणी न विचारताच पुडी काढून तिच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं. नर्स रागावली नाही. चिंधीचं ऐकून मात्र तिनं विचारलं, “मुठीत धरलीस तेव्हा हात कसे होते?”

“कसे म्हणजे? कामावरचे.”

“कामावर हात कशात असतात?”

“सोड्यात. साबणात.” एवढं बोलून डागवालीनं आपले तळवे उलटून पाहिले. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे ती दिवसातून दहा वेळा बघत होती. नव्या आलेल्या बाईला तीच सांगायची, घाबरू नकोस, हळद आहे. टेबलक्लॉथवर ओळखलेली हळद तिला स्वतःच्या मुठीत ओळखता आली नव्हती. भीतीनं अक्कल गहाण पडते ती अशी.

संध्याकाळी दोघी फाटकाशी आल्या. नर्सनं मूठबाईसमोरची चिंधी उचलून आपल्या मुठीत धरली. ती पिवळीच राहिली. मग डागवालीनं नळाखाली हात खूप वेळ धुतले, अगदी बुळबुळीत लागेनासे होईपर्यंत, आणि दुसरी चिंधी धरली. तीही पिवळीच. मूठबाई म्हणाली की नर्सच्या सावलीनं देवी रुसली. तेवढ्यात टाक्यांत सोडा ओतणारा मिशाळ गडी मजा बघत पुढं आला. त्यानं हात पुढं केला, चिंधी दाबली आणि मूठ उघडली. लालभडक.

“घ्या,” डागवाली म्हणाली. “यालाही दिवस गेलेत.”

बायका पोट धरून हसल्या. हसता हसता दोघीतिघी रडायलाच लागल्या, कारण त्यांनी पुड्या घेतल्या होत्या. मूठबाई पेटी उचलायला लागली, पण बायकांनी तिला पोलीस येईपर्यंत जागचं हलू दिलं नाही.

डागवालीची भीती मात्र गेली नव्हती. चिंधी खोटी ठरली, पोट खरं होतं. नर्सनं तिला बाजूला घेऊन विचारलं, “तुला काय हवंय?”

हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

“हे मूल मला नकोय,” ती म्हणाली. “आणि मला मरायचंही नाही.”

“मग उद्या सकाळी डॉक्टरांकडे ये. लवकर आलीस तर धोका फार कमी असतो. आणि यापुढं दोरा नाही. तांबी, गोळ्या, निरोध, जे झेपेल ते. नवऱ्यालाही आण, त्यालाही कळू दे.”

इस्त्रीवाली वाचली. पुडी घेणारी प्रत्येकजण वाचत नाही. नवरा ऐकत नाही, सासू बोलू देत नाही, मालक कामावर ठेवत नाही, म्हणून बाई चिंधीला विचारायला जाते. तिला विचारायला दुसरी जागा द्या. दिवस राहण्याआधीच घरात उघड बोला, आणि राहिलेच तर पेटीवाल्या बाईकडे नको, डॉक्टरकडे जा. एवढं केलं तर बाई जगते.