हन्नाचं पातेलं

माझी बायको हन्ना जाऊन महिना झाला, तेव्हा मी चर्चच्या स्वयंपाकघरातून तिचं मोठं पातेलं घरी आणलं. रविवारी, उपासना सुटल्यावर, सगळ्यांसमोर. नाताळच्या जेवणाला नेलेलं परत यायचं राहिलं असेल, असं मला वाटलं. त्यावर तिचं नाव घातलेलं होतं. चर्चचे सेक्रेटरी जेम्स यांनी चोरीची तक्रार दिली.

सावेडीच्या चौकीत मला बसवेना. हवालदार म्हणाले, "काका, बसा की. किती येरझारा घालता?"

"नाव वाचा ना साहेब. घरच्या भांड्यावर घरच्या बाईचंच नाव असतं."

"देणगीच्या भांड्यावरही देणाऱ्याचंच असतं," जेम्स म्हणाले.

"दिलं असतं तर मला सांगितलं नसतं का तिनं?"

जेम्सबरोबर आलेली हन्नाची मैत्रीण नॅन्सीबाई पुढे आली. "भाऊजी, दिलंय तिनं. दवाखान्यात जायच्या आधी. नाव मीच घालून आणलं. म्हणाली, यांना सांगू नको, म्हणतील मरायची तयारी चालवलीस."

मी तसंच म्हणालो असतो.

हवालदार जेम्सना म्हणाले, "आपलं समजून नेलं, तेही भरदिवसा. यात चोरी कसली? पण काका, आता खरं कळलंय. आता ठेवून घेतलंत तर गोष्ट वेगळी."

घरून पातेलं घेऊन मी रिक्षात बसलो. मांडीवर मावेना, तरी खाली ठेवलं नाही. चर्चच्या दारात नॅन्सीबाईनं हात पुढे केले.

"राहू द्या," मी म्हणालो. "कुठं ठेव म्हणाली होती ती, तेवढं दाखवा."